बेटम्याचं कार्ड, सराफ्यातलं कार्ड

मंजुळाबाई ट्रक चालवायच्या. आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं. नव्या माणसाला सांगितलं की तो आधी त्यांच्या चाकाच्या खुर्चीकडे बघायचा, मग आमच्याकडे.

बाई तीस वर्षं महूच्या प्राथमिक शाळेत शिकवत होत्या. रिटायर झाल्यावर दोन वर्षांत मणक्याचं ऑपरेशन झालं आणि कमरेखालचा जोर गेला तो गेलाच. मुलगी धम्मदीना नागपूरला नर्स आहे. तिने आईसाठी आपला जुना कॉम्प्युटर आणून ठेवला, की पिक्चर बघेल, भजनं ऐकेल. बाईंना त्यात ट्रक चालवायचा गेम सापडला. युरोपातले रस्ते, पाऊस, टोलनाके, मागे लाकडाचा नाहीतर दुधाचा माल. मी चहाला गेलो की म्हणायच्या, "अच्युतजी, आत्ता पोलंडमध्ये आहे, जरा रुका, गाडी साइडला लावते." आयुष्यात कधी सायकलही न चालवलेली बाई आरशात बघितल्याशिवाय लेन बदलायची नाही.

त्यांचे यजमान भाऊराव वानखेडे. महूला मिलिटरीच्या इमारतींची वायरिंग बघायचे, चौतीस वर्षं नोकरी. कमी बोलणारा माणूस. कुणाच्या घरी गेले की भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे आधी बघतात. त्यांनी बाईंसाठी स्वतः टेबल बनवलं, खुर्ची बरोबर आत जाईल अशा उंचीचं.

या जुलैमध्ये त्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हिरव्या रेघा यायला लागल्या. ट्रक रेघांच्या मागून जायचा, मग थांबायचा. भाऊरावांनी कॉम्प्युटर उघडून शोधून काढलं की चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड संपलंय. नवं कार्ड फार महाग, म्हणून जुनं बघायचं ठरलं. फोनवर शोधून दोन निवडली. एक इंदूरजवळच्या बेटम्याच्या गेमिंग कॅफेतलं, कॅफे बंद होत होता. दुसरं सराफ्यात, दागिन्यांची डिझाइनं काढणाऱ्या एका मुलीकडे. दोन्ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्यांनी रेघ मारून दोन रकाने केले. आठ जीबी, सहा जीबी. एकशे पंच्याऐंशी वॉट, एकशे वीस वॉट. बाई म्हणाल्या, "घ्या ना कोणतंही." भाऊराव म्हणाले, "असं नाही. दोन्ही चालवून बघतो, मग सांगतो."

ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी बाईंना छातीत दुखलं. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सगळं झालं होतं.

धम्मदीना आली, खूप रडली. भाऊराव रडले नाहीत. आलेल्याला पाणी दिलं, खुर्च्या मोजून मागवल्या, मंडपवाल्याने उघडी वायर टाकली होती ती टेपने बांधून घेतली. पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली तेव्हा सगळ्यांबरोबर हात जोडून बसले. लोक म्हणाले, भाऊराव खंबीर आहेत. मला तसं वाटलं नाही. त्यांच्याशी बोलताना असं वाटायचं की ते दुसऱ्या खोलीतून उत्तर देतायत.

धम्मदीना नागपूरला गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या फाटकाशी उभे होते. हातात कॅलेंडरचा कागद.

"अच्युतजी, उद्या गाडी फ्री आहे का? बेटम्याला जाऊन येऊ. ते कार्ड बघायचं होतं."

"हौ, जाऊ," म्हणालो.

धार रोडने पाऊण तास. सोयाबीन दोन्हीकडे पिवळं पडायला लागलं होतं, ते त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. कॅफेचा मालक अर्पित, तिशीचा, आठ कॉम्प्युटरांपैकी सहा विकून बसलेला. भाऊरावांनी पेनड्राइव्ह काढला. त्यात एक चाचणीचा प्रोग्राम होता, डोंगर आणि धबधबे फिरवून कार्डाची ताकद मोजणारा. भिंतीच्या प्लगमध्ये स्वतःचं मीटर लावलं आणि स्टुलावर बसले. अर्धा तास.

सेकंदाला एकसष्ट चित्रं. तापमान एक्याऐंशी. पूर्ण कॉम्प्युटर दोनशे नव्वद वॉट ओढत होता आणि पंखा मिक्सरसारखा वाजत होता. सगळं कागदावर उतरलं.

अर्पितला गंमत वाटत होती. "अंकल, गेम कौनसा खेलते हो?"

"ट्रकवाला."

"आप खेलते हो?"

"नहीं. मिसेस."

तेवढंच. खेळते की खेळायची, ते क्रियापद त्यांनी लावलंच नाही. अर्पित म्हणाला, "वाह, आंटी तो ग्रेट है." भाऊरावांनी मान हलवली आणि मीटरचा आकडा परत वाचला. मी बाहेर येऊन गाडीजवळ उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सराफ्यात. राजवाड्याजवळ गाडी लावून पायी गेलो. सोन्याच्या दुकानावरच्या मजल्यावर छोटी खोली, तिथे पलक नावाची मुलगी बसलेली. बांगड्यांची, पेंडंटची डिझाइनं स्क्रीनवर काढते आणि खाली कारागिरांना देते. तिचं मराठी आमच्या इंदूरच्या पोरांचं असतं तसं, अर्धं हिंदीत.

"काका, कार्ड एकदम कंडिशनमध्ये आहे. नवं घेतलंय, कल येणार, म्हणून हे निकालते आहे."

तोच पेनड्राइव्ह, तेच डोंगर. सेकंदाला अठ्ठावन्न चित्रं. तापमान एकोणसत्तर. दोनशे पाच वॉट. पंख्याचा आवाज खालच्या गल्लीतल्या आवाजात ऐकूही येत नव्हता.

पलकने चहा मागवला. "कोणासाठी घेताय? नातवासाठी?"

"मिसेससाठी," भाऊराव म्हणाले. मग थांबले. "होत्या. ट्रकचा गेम खेळायच्या. ऑगस्टमध्ये गेल्या."

मीटरवरचा आकडा सांगावा तशा आवाजात सांगितलं. पलकचा हात माउसवरच राहिला. ती माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "तो फिर काका, आता कशाला?"

भाऊरावांनी प्रश्नाचा नीट विचार केला. त्यांना खरंच उत्तर शोधायचं होतं, हे दिसत होतं.

"त्यांना सांगितलं होतं, दोन्ही बघून सांगतो म्हणून. एकच बघून झालं नसतं."

भाऊरावांनी कागद मांडीवर ठेवला आणि आम्हा दोघांना समजावून सांगितलं, अगदी सावकाश. बेटम्याचं कार्ड तीन चित्रं पुढे आहे, मेमरी दोन जीबी जास्त आहे आणि पाचशे रुपयांनी स्वस्त आहे. पण ते घेतलं तर घरच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, तो आतला वीज पुरवणारा डबा, बदलावा लागेल, म्हणजे स्वस्त राहिलं नाही. आणि इतकी गरम हवा पायांवर येईल. पायाला कळत नसलं तर भाजलेलंही कळत नाही. सराफ्यातलं कार्ड आहे त्या सप्लायवर चालेल. "तीन चित्रांचा फरक डोळ्याला दिसत नाही," ते म्हणाले. "हे चांगलं आहे."

बाईंच्या पायांचा हिशेब ते अजून धरून होते, हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं नसावं. आम्ही दोघांनी ते लक्षात आणून दिलं नाही.

कार्ड घेतलं. घरी येऊन बसवलं, मी टॉर्च धरला. रेघा गेल्या. गेम उघडला तर बाईंचा ट्रक पोलंडमधल्या एका पेट्रोल पंपावर उभा होता, मागे लाकूड भरलेलं. भाऊराव बघत राहिले.

"कोणती बटणं दाबायची ते कधी विचारलंच नाही," म्हणाले आणि कॉम्प्युटर बंद केला.

त्यानंतर महिनाभर रोज सकाळी नाश्ता झाला की ते कॉम्प्युटर लावायचे, ट्रक पंपावर उभा आहे ते बघायचे, तापमान वाचायचे, बंद करायचे. जेवायचे वेळेवर. फिरायलाही यायचे माझ्याबरोबर. मी एकदा विचारलं, "झोप लागते का?" म्हणाले, "लागते. चांगली लागते." आणि मला त्याचीच काळजी वाटली.

दसऱ्यानंतर धम्मदीना चार दिवसांसाठी आली. आईने तिला व्हिडिओ कॉलवर गेम शिकवला होता. ती त्या टेबलाशी बसली, साधी खुर्ची उंच पडत होती म्हणून वाकून. ट्रक पंपावरून काढला, रस्त्याला लावला आणि दोन तास चालवत राहिली. मी आणि भाऊराव मागे सोफ्यावर. माल पोहोचला तेव्हा स्क्रीनवर अभिनंदन आलं आणि तिने डोकं टेबलावर ठेवलं. तिचे खांदे हलत होते. भाऊराव उठून तिच्यामागे गेले. हात तिच्या पाठीवर ठेवला, नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तापमानावर.

"सदुसष्ट," ते म्हणाले. "दोन तासांनी पण सदुसष्टच."

धम्मदीनाने डोळे पुसले. "बाबा, माझ्याकडे चला नागपूरला."

"बघू," ते म्हणाले. ती एकटीच परत गेली.

नोव्हेंबरात पलकचा फोन आला. तिचं नवं कार्ड चालू असताना कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायचा, दुकानदार दाद देत नव्हता. भाऊराव मीटर घेऊन निघाले, मीही गेलो. वीस मिनिटांत त्यांनी सांगितलं की कार्डाचा काही दोष नाही, सप्लाय लहान पडतोय. एका जुन्या बोर्डात तार सैल होती, तीही आवळून दिली. पलकने आग्रह करून समोरच्या दुकानातून गरम कचोरी मागवली. भाऊरावांनी खाल्ली, चांगली आहे म्हणाले.

परत येताना गाडीत ते खिडकीकडे बघत होते. महू नाक्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "अच्युतजी, एक सांगून ठेवतो. दीनाची आई गेली त्या दिवसापासून मला काही वाटतच नाही. वाईट पण नाही. लोकांना वाटतं मी हिमतीचा आहे. तसं नाही."

"दीनाला सांगितलंत?"

"नाही. ती घाबरेल."

"नर्स आहे ती, भाऊरावजी. तिला सांगा."

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवायला लागला. मी गाडी काढली.

घरी पोहोचल्यावर फाटकाशीच उभं राहून त्यांनी धम्मदीनाला फोन लावला. मी गाडी आत घेईपर्यंत ते बोलत होते, नेहमीच्याच सपाट आवाजात. नंतर मला सांगितलं की पुढच्या आठवड्यात ती इथल्याच एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन देते आहे, मानसोपचाराच्या. गुरुवारी सकाळी अकरा वाजता.

"गाडी फ्री आहे का तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.