निरीक्षण थांबण्याचं कारण

केजच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो, तेव्हा मेल आला. सुनंदाचं टिपण संपादकांनी स्वीकारलं होतं. एक ओळ रिकामी राहिलीय, तेवढी भरली की छापू, असं लिहिलं होतं. मी मेथी घेतली आणि घरी आलो. सुनंदाला जाऊन तोवर एक पावसाळा उलटला होता.

सुनंदा, माझी बायको, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. साप, पाली, बेडकांवर अर्ध्या पानाची टिपणं लिहून ती परदेशी नियतकालिकाला पाठवायची. कुणी काय खाल्लं, कुठं, कसं. तिच्या प्रयोगशाळेतले हमीदभाई फोटो काढायचे, मी मापाची पट्टी धरायचो. टिपण अर्धं पान, पण त्यामागचे किस्से पोतंभर! आणि प्रत्येक टिपणात एक ओळ सक्तीची: निरीक्षण का थांबलं?

चकलांब्याला हमीदभाईंच्या सासुरवाडीत एका बेडकानं विंचू तोंडात धरला. संडासात! सुनंदा दारातच बॅटरी घेऊन बसली. मागं पाहुणे ताटकळलेले. शेवटी सासरे कळवळून म्हणाले, "म्याडम, त्याचं जेवण होईस्तोवर आमी काय करावं?"

कारण लिहिलं: मानवी हस्तक्षेप.

पुढं संपादकांनी नेमकी जागा विचारली. हमीदभाईंच्या सासूबाई ठाम होत्या. "गावाचं नाव टाका, जिल्ह्याचं टाका. आमच्या संडासाचं कावून?"

एकदा एका शेतकऱ्याचा फोन आला. "म्याडम, दोन तोंडाचा साप हाय, लवकर या!"

"खातो कोणत्या तोंडानं?"

"आज शनिवार हाय ना. उपास असंल!"

गेलो तर मांडूळ. शेपूट बोथट, म्हणून लोकांना ते तोंड वाटतं. आमच्यासमोर त्यानं उंदीर गिळला आणि मातीत शिरलं. कारण: प्राणी नजरेआड. गर्दीतला एक जण मात्र हळहळला, "दुसरं तोंड उपाशीच ऱ्हायलं की बे!"

माझ्या शाळेचे मुख्याध्यापक घरी जेवायला आले होते. भिंतीवर मोठ्या पालीनं लहान पाल पकडली आणि सुनंदा टोपलं हातात धरून तिथंच थांबली.

"वहिनी, भाकरी..."

"सर, फक्त शेपूट राहिलंय!"

तेवढ्यात लाईट गेली. कारण: अपुरा प्रकाश. अंधारातून सरांचा आवाज आला, "बरं झालं!"

शेवटचं टिपण बीडच्या दवाखान्यातलं. कॉटजवळच्या टेबलावर ग्लुकोजचं पाणी सांडलं होतं. भिंतीवरून एक पाल उतरली आणि ते चाटायला लागली. सुनंदानं मावशींना पुसू दिलं नाही. तेवढ्यात मोठे डॉक्टर राऊंडला आले.

"काय मॅडम, कसं वाटतंय?"

"डॉक्टर, जरा सरका. दिसत नाही."

डॉक्टरांनी हळूच हमीदभाईंना विचारलं, "यांना भास होतायत का?"

"न्हाई साहेब, पाल हाय."

डॉक्टर वळून बघायला लागले. मग सिस्टरही. बाकीचा वॉर्ड ताटकळला! पाल गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "रोज येते का हो?"

"उद्या बघून सांगते," सुनंदा म्हणाली.

तिनं सांगितलं तसं टिपण मी उतरवून घेतलं आणि नंतर पाठवलं. कारणाची ओळ मी अजून भरलेली नाही.