फौजदारांनी पाहिलेलं शेपूट

बेचाळीस साली आमचं मुंबईचं कॉलेज बंद पडलं आणि मी सावद्याला घरी आलो. प्रोफेसरांनी विश्वासाने दिलेला सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांची पेटी आणि फॉर्मॅलिनची एक बरणी बरोबर होती. बरणीत समुद्रातल्या खडकाला चिकटून राहणारा, पिशवीसारखा एक जीव होता. फॉर्मॅलिन डोळ्यांना झोंबतं, म्हणून मी माडीवरच्या खोलीला कुलूप लावत असे. गावाला संशय यायला तेवढं पुरलं. चळवळीत आसपास तारा तोडल्या जात होत्या. मी दिसलो की ओट्यांवरचं बोलणं थांबायचं.

एका सकाळी फौजदार दोन शिपाई घेऊन आले. घरात बाँबचं सामान आहे अशी त्यांना खबर होती. त्यांनी बरणीचं झाकण उघडलं, डोळ्यांत पाणी आलं आणि संशय पक्का झाला. मी घाईने सूक्ष्मदर्शक खिडकीशी मांडला आणि काचपट्टीवरचं त्या जीवाचं पिल्लू दाखवलं.

"याला शेपूट आहे," ते म्हणाले.

त्या शेपटात कण्यासारखी लवचीक दोरी असते, म्हणून आपण कण्याचे प्राणी आणि हा जीव एकाच जुन्या कुळातले मानतात, असं मी सांगितलं. पिल्लू थोडा वेळ पोहतं, मग खडकाला डोकं चिकटवतं आणि शेपूट विरून जातं.

"आणि ती कण्यासारखी दोरी?"

"तीही जाते. मग जन्मभर एका जागी बसून राहायचं."

ते सावकाश ताठ झाले. "हे मला उद्देशून बोललात?"

माझ्या मनातही नव्हतं. पण त्या वर्षी सरकारी चाकरीतल्या माणसाने काय काय ऐकून घेतलं असेल, हे माझ्या लक्षात आलं नाही. सगळं जप्त झालं, मला चौकीत बसवलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वास घेऊन हे मेलेले जीव टिकवायचं औषध आहे असं सांगितलं, तेव्हा संध्याकाळी सुटलो.

खबर कोणी दिली? शेजारचा माझा शाळेपासूनचा मित्र एकदा खोलीत डोकावला होता. मी त्याच्याशी बोलणं टाकलं, चार लोकांत त्याला चुगलखोर म्हणालो.

आठवड्याने आबा, माझे वडील, जेवताना हळूच म्हणाले, "पाटलाले मीच सांगितलं. तू कुलूप लावे, काही बोले नाही. मले वाटलं, पुढे गोळी खाण्यापरीस आताच धरला तं जीव तरी वाचीन."

मी ताटावरून उठलो नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी मित्राकडे गेलो. त्याने दारात उभं राहून सगळं ऐकून घेतलं. आत ये म्हणाला नाही.