नंदाताईच्या नावावरचं तळं

बातमी आली तेव्हा मावशी तळ्याकाठी बसली होती. म्हणजे होती ती पोलादपूरला आपल्याच घरात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पण डोळ्यांवर तो व्हीआरचा चष्मा चढवलेला, दोन्ही मुठींत कंट्रोलर, आणि समोर तिला दिसत होतं पाणी, धुकं, पलीकडे उंच झाडं... नंदाताई गेल्याचा फोन मस्कतहून तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने महाडला तिच्या नवऱ्याला, सुधीरभाऊजींना केला, आणि भाऊजींनी मला. "नंदा गेली गं प्राची. आईंना तू सांग. मला नाय जमणार." मी पोलादपूरच्या स्टँडवर होते, वरच्या वाड्यांच्या पाण्यासाठी पत्रकं वाटत होते. उरलेला गठ्ठा पिशवीत कोंबला आणि चालत निघाले. दार उघडंच होतं. पावलं ऐकून मावशी चष्म्याच्या आतूनच हसली. "कोन गो? थांब जरा, गळाला लागलाय. नंदा येयाची हाय आता, तिला दावायचाय." तो शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारी नंदाताई त्या तळ्यावर यायची. डोळे झाकलेल्या माणसाला असली बातमी कशी सांगायची? समोर उभं राहून सांगावं, तर मी तिला दिसत नव्हते. मी थांबले. तिने मासा ओढून काढला, स्वतःशीच "आला बघ" म्हणाली. मग मी तिच्या मागे गेले आणि चष्म्याचा पट्टा सैल केला.

त्याला आता बरेच आठवडे झाले. पुरवणीसाठी ताईवर लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी आधी नाही म्हटलं. मला पत्रकं लिहिता येतात. निषेध, मागण्या, एकजुटीचा विजय असो. गेलेल्या माणसावर हळुवार लिहिणं माझ्या हाताला नाही, आणि हळुवार वाटतही नाहीये. मला संताप येतोय, आणि त्या संतापाला बसायला जागा नाहीये.

नंदाताई माझी मावसबहीण, माझ्याहून बरीच मोठी. मावशीची एकुलती एक. बौद्धवाडीतून नर्सिंगला गेलेली ती पहिलीच मुलगी. आधी मुंबईत नोकरी, मग लग्न होऊन महाडला, आणि मुलगी ऋतुजा शाळेत जायला लागल्यावर मस्कतला. भाऊजी बसगाड्यांचे मेकॅनिक. मितभाषी, हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवणारा माणूस. कॉलेजात असताना मी पहिलं पत्रक लिहिलं ते ताईला वाचून दाखवलं होतं. ती तेव्हा सुट्टीवर होती, परातीत तांदूळ निवडत ऐकत होती. मी मोठ्या आवाजात शेवटपर्यंत गेले. तिने एक खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "पुढारी, छान आहे. पण ह्यात तहान कुणाला लागलीय?" मी चिडले. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पत्रकात एका बाईचं नाव आणि तिच्या हंड्याचं वजन घातलं. तेव्हापासून ती मला पुढारीच म्हणायची. फोन उचलला की पहिला प्रश्न, "काय पुढारी, आज कुणाला मुर्दाबाद?"

ते चष्मे तिने एका सुट्टीत आणले. तिच्याकडे एक होताच, आणखी दोन आणले, एक महाडच्या घरासाठी, एक पोलादपूरला आईसाठी. मी तिला घ्यायला वीर स्टेशनवर गेले होते. रिक्षावाल्याने बॅगा मागे टाकल्या, पण ते दोन खोके तिने मांडीवरून हलू दिले नाहीत. "काय हाय ताई, सोना हाय का?" त्याने विचारलं. "तळं आहे," ती म्हणाली. रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर मी ऐकवलंच, की हे सगळं श्रीमंत कंपन्यांचं खेळणं आहे, माणसांना खोट्या जगात गुंतवून खऱ्या प्रश्नांपासून... तिने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "एकदम बरोबर. मग पुढच्या मोर्चात माझ्या आईला चालत ने." मावशीचे गुडघे कधीच गेले होते. लहानपणापासून सावित्रीवर गळ टाकणारी बाई, पण नदी सोडाच, समोरच्या दुकानापर्यंतही तिला जाता येत नव्हतं.

तिने केलं ते असं. गेम सगळे तिने तिच्या खात्यावर विकत घेतले, कुटुंबाची यादी बनवली, तिन्ही चष्म्यांवर मुख्य खातं आपलं ठेवलं आणि घरच्यांसाठी वाटणी चालू केली. म्हणजे एकदा घेतलेला गेम मस्कतला, महाडला, पोलादपूरला, तिन्हीकडे चालायचा. मी विचारलं, प्रत्येकाचं वेगळं खातं का नाही काढत? "घरात तवा एक असतो," ती म्हणाली, "माणसागणिक तवा घेतेस का तू?" पण कंपनीची अट होती, एक गेम एका वेळी दोघांनीच खेळायचा. तळ्यावर दोनच माणसं. त्यामुळे शुक्रवारी या घरात भांडणं व्हायची, आणि ती ऐकायला मी मुद्दाम पोलादपूरला जायचे. मावशी आणि ताई मासे पकडत बसलेल्या, मध्येच महाडहून ऋतूचा फोन, तिघींचा एकत्र, स्पीकरवर. "मम्मी, मी पण येते ना." "ये. मी उतरते." "मग मला तुझ्याबरोबर कधी मिळणार?" "आजी दमली की." त्यावर मावशी इकडून, "आजी नाय दमत! तुझी आई बोंबलाएवढा मासा काढते नि फोटू लावते भिंतीवर. लाज हाय का बघ." त्या तळ्याकाठी लाकडी झोपडी होती, पकडलेल्या माशाचं चित्र तिच्या भिंतीवर लागायचं, खाली पकडणाऱ्याचं नाव. ताईचे मासे खरंच लहान असायचे. पण उतरायची वेळ आली की दर वेळी तीच उतरायची. गेम तिचा, खातं तिचं, कमाई तिची, आणि जागा सोडणारीही तीच. मग खोलीत चष्मा काढून फोन कानाला लावून बसायची आणि आई नि मुलगी काय बोलतायत ते ऐकायची. सगळं आयुष्य तिने असंच काढलं, असं आता वाटतं... घर चालावं म्हणून स्वतः घराबाहेर.

ताई ड्यूटी संपवून खोलीवर आली, डोकं दुखतंय म्हणाली आणि पडली. मेंदूत रक्तस्राव. एवढंच कळलं. विमानाने पेटी आली, मुंबईहून रुग्णवाहिका आली, महाडला माणसं जमली, वंदना झाली. त्या दिवसांबद्दल मला लिहायचं नाही.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मावशीने चष्मा मागितला. मी म्हटलं, मावशी, कशाला? "बसते जरा." ती तळ्यावर जाऊन बसली. गळ टाकला नाही. नंतर म्हणाली, "भिंतीवर तिचे समदे मासे हायत." मग दर शुक्रवारी तेच. महाडला ऋतूने मात्र चष्म्याला हात लावणं सोडलं होतं, कारण चालू केला की आधी कुटुंबाची यादी यायची, आणि यादीत सगळ्यात वर आईचा हसरा फोटो, त्याभोवती करडं वर्तुळ. सध्या उपलब्ध नाही. एकदा तिने तो बघितला आणि दोन दिवस जेवली नाही.

भाऊजी माणूस रीतीचा. मरणाचा दाखला मिळाल्यापासून एकेक काम निपटत होते. रेशनकार्डावरचं नाव कमी केलं, गॅस आपल्या नावावर करून घेतला, बँकेत जाऊन आले. आपल्याकडे माणूस गेलं की नाव कमी करतात. घरात ज्याच्या नावावर सगळं तो गेला तर त्याचं नाव खोडून पुढच्याचं वर येतं, आणि घराला धान्य मिळत राहतं. पिढ्यान् पिढ्या आपल्याला कुटुंबाची यादी म्हणजे हेच माहीत आहे. तर एका रविवारी, पोरगी जेवत नाही म्हणून, भाऊजींनी मोबाइलमधलं चष्म्याचं ॲप उघडलं, कुटुंबाच्या यादीत गेले, आणि नंदाताईचं नाव कमी केलं. दोन्ही चष्म्यांवरून. खात्री आहे का, असं विचारलं त्याने. त्यांनी हो म्हटलं.

सोमवारी सकाळी मावशीचा फोन. "प्राची, तळा दिसत नाय गो. चष्म्यात कायतरी बिघाड झालाय." मी जाऊन चष्मा घातला तर आत पांढरी रिकामी खोली आणि इंग्रजीत स्वागत. नवाकोरा. गेम नाही, झोपडी नाही, भिंत नाही. मुख्य खातं निघालं तसं त्यावरचं सगळंच निघून गेलं होतं. भाऊजींना फोन केला, तेव्हा त्यांनी सांगितलं. संध्याकाळी ते महाडहून आले, ऋतूला घेऊन. उंबऱ्यातच थांबले. एवढा धिप्पाड माणूस दाराची चौकट धरून उभा. "आई, मीच पुसलं तिला." मावशी म्हणाली, "आत या बाबा. तुम्ही रीतीनं केलंत." ऋतू रडली नाही. तिने फक्त विचारलं, "परत नाव घालता येत नाही का?"

नाही घालता येत. नाव परत घालायला नाववाली लागते. तिच्या खात्यात शिरायचं तर कोड येणार मस्कतच्या नंबरवर, आणि तो नंबर तिथल्या लोकांनी सामान पाठवतानाच बंद केला होता. तिसरा, तिचा स्वतःचा चष्मा त्या सामानातून आला होता, तोही तोच कोड मागत होता. मी कंपनीला लिहिलं. मरणाचा दाखला जोडला, नातं सांगितलं, कोणी काय चुकून केलं ते सांगितलं. उत्तर लगेच आलं, माणसाने लिहिलेलं नव्हतं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खरेदी ही खातेधारकापुरती असून हस्तांतरित करता येत नाही. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच दुःख, तोच सहभाग, स्वल्पविरामासकट. महाडच्या कोर्टात आमच्या बाजूने नेहमी उभ्या राहणाऱ्या वकीलबाईंकडे गेले. त्यांनी अटी वाचल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "प्राची, हिने वस्तू घेतलीच नव्हती गं. वापरायची परवानगी घेतली होती. परवानगी तिच्याबरोबर गेली."

मग बटणावर 'विकत घ्या' का लिहिता? मला हे विचारायचंय. ज्या बाईने परक्या देशात दुसऱ्यांची आजारपणं काढून ते बटण दाबलं, तिला कोणी सांगितलं होतं का, की बाई, तू मेलीस की तुझ्या आईच्या हातातला गळ आम्ही काढून घेऊ? कुटुंब हा शब्द यांनी आपल्याकडूनच घेतला ना? कुटुंबाची वाटणी, कुटुंबाची यादी! असलं कसलं कुटुंब, ज्यातलं एक माणूस मेलं की बाकीचे वारस ठरत नाहीत, घुसखोर ठरतात? रेशनच्या दुकानात जेवढी माणुसकी आहे तेवढीही यांच्याकडे नाही. मी आजवर ज्याच्याविरुद्ध लढले त्याला निदान दार होतं. दारात बसता यायचं, शिपाई हाकलायला यायचा, आतून कोणीतरी चिडून बाहेर यायचं. इथे कुठे बसू? घोषणा कुणाच्या नावाने देऊ? लेखाच्या शेवटी मागणी लिहायची मला सवय आहे. हात शिवशिवतो, आणि पुढे काही सुचत नाही.

शेवटी ऋतूने आणि मी तो गेम नव्याने घेतला. आता मावशीच्याच नावाचं खातं. तेच तळं, तेच धुकं, तीच झाडं. मावशीने चष्मा घातला, मान वळवून झोपडीकडे बघितलं. भिंत कोरी होती. तिने चष्मा आपल्या हाताने काढला आणि मला दिला. "चांगला हाय," ती म्हणाली. तिने चांगलं म्हटलं, हेच मला सहन होत नाही. त्यानंतर तिने तो मागितलेला नाही. शुक्रवारी दुपारी भिंतीकडे तोंड करून पडून असते. झोपली नाहीये हे श्वासावरून कळतं.

परवा मी तिच्याकडे राहायला गेले. खोली लहान, आणि खोलीच्या बरोबर मधोमध फरशीवर लाल ऑइलपेंटचा चौकोन आहे. तो ताईने शेवटच्या सुट्टीत आखला. मासा ओढताना मावशीचा हात एकदा चहा आणणाऱ्या भाऊजींच्या कानशिलात बसला होता, तेव्हा ताई गुडघ्यांवर बसून, फूटपट्टी लावून, हसत हसत रंगवत गेली. आई खेळत असेल तर ह्याच्या आत कोणी यायचं नाही, जावईसुद्धा नाही. त्या चौकोनातली खुर्ची आता भिंतीला लावून ठेवलीय, खोली मोकळी आहे. सकाळी मावशी वॉकर घेऊन कॉटवरून उठली आणि मोरीकडे निघाली. सरळ गेली तर चार पावलं. पण ती कपाटाच्या कडेने गेली, मग खिडकीचा गज धरला, मग भिंत... एकेका पावलाला थांबत, कण्हत, चौकोनाला पूर्ण वळसा घालून. मला बघवेना. "मावशी, अगं मधून ये ना. आता कोण खेळतंय?"

"ऱ्हाऊ दे गो," ती म्हणाली.

चहा झाल्यावर मी कपबशा उचलल्या आणि कपाटाच्या कडेने गेले.