दाजींचा हिरवा किरण

आमच्या सूर्यास्त-निरीक्षण मंडळाच्या कारभाराविषयी मी आजवर अनेक लेखी तक्रारी केल्या आहेत. बंदराच्या धक्क्यावर बसायला बाक नाहीत, चिटणीसांना वेळेचे भान नाही, आणि वार्षिक अंकात माझा लेख निम्मा कापून छापण्यात आला. एकाही तक्रारीला उत्तर मिळाले नाही. पुढील हकिकतीत मात्र मंडळाकडून काहीही मागायचे नाही. ती माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांची आहे. मी त्यांना दाजी म्हणतो. माझे ऐकून सारे मंडळच त्यांना दाजी म्हणू लागले.

दाजी चष्म्याच्या दुकानात भिंगे घासत. दुकानामागच्या अरुंद खोलीत, रबरी एप्रन बांधून, ओल्या फिरत्या चाकापाशी ते दिवसभर उभे असत. भिंगाची कड चाकाला लावायची, फ्रेममध्ये बसवून पाहायची, बसली नाही की पुन्हा चाकाला लावायची. नखांत काचेची पांढरी भुकटी कायमची. पुढे काउंटरवर बसण्याची संधी त्यांना कधी मिळाली नाही, कारण मालकांच्या मते त्यांना गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नसे. ते खरेही होते. दाजी एकाच विषयावर गोड बोलत, आणि तो म्हणजे हिरवा किरण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून तिरका येतो आणि लोलकातून यावा तसा किंचित फाकतो. तांबडा प्रकाश कमी वाकतो, म्हणून सूर्याचे तांबडे बिंब आधी बुडते आणि हिरवे केसभर मागे राहते. निळाजांभळा तर वाटेतच विखरून गेलेला असतो. हवा स्वच्छ असेल, क्षितिज रेखीव असेल आणि हवेच्या थरांची मर्जी असेल, तर अगदी शेवटी सूर्याच्या वरच्या कडेवर हिरवी ठिणगी चमकते. पापणी लवली की संपले.

दाजींनी तो किरण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात धक्क्यावरून पाहिला होता. "मी पाहिला, हिनेही पाहिला. बायको साक्षीला आहे!" असे ते प्रत्येक नव्या सभासदाला सांगत. ताई हसून विषय बदलत असे. त्या एका किरणाच्या बळावर मंडळाच्या सभेत प्राध्यापक, दंतवैद्य बाई आणि बँकेतले साहेब त्यांना स्वतःहून खुर्ची देत. दुकानात त्यांना कोणी खुर्ची देत नसे. मंडळात त्यांचे नावच 'हिरवे दाजी' पडले होते.

मंडळाची पद्धत अशी. सर्वांनी सूर्याकडे पाठ करायची आणि गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, म्हणजे डोळे दिपत नाहीत. एकानेच सूर्यावर लक्ष ठेवायचे आणि शेवटची कोर उरली की "वळा!" म्हणून ओरडायचे. हा मान अर्थातच दाजींचा. काळी काच ते वापरत नसत. "माझ्या डोळ्यांना सवय आहे," म्हणत. आम्ही वळत असू, कोर बुडत असे, आणि दाजी ओरडत, "दिसला! अहो, केवढा तो!" आम्हाला काडीचेही दिसत नसे. प्रत्येकाला वाटे, खोट आपल्याच नजरेत आहे. बँकेतल्या साहेबांनी तर दाजींच्याच दुकानात नवा चष्मा करून घेतला. कबूल करायला लाज वाटते, पण पदार्थविज्ञानाची पदवी असलेल्या मलाही एकदा "हो, जरासा" असे म्हणावे लागले होते.

मग एका संध्याकाळी वाऱ्याने आकाश लख्ख झाले. दाजींचे डोळे आले होते, नुकतेच निवळत होते. चिटणीस म्हणाले, "आज तुम्ही आमच्यात उभे राहा, दाजी. ओरडायचं काम बाईंकडे." दाजी कुरकुरत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. दंतवैद्य बाईंनी काळी काच डोळ्यांना लावली.

"वळा!"

कोर नखाएवढी उरली होती. ती आक्रसली, तिचे टोक पाचूसारखे हिरवे झाले आणि विझले. इतके लहान, इतके धारदार! मग एकच गलका उडाला. बँकेतले साहेब, पोट सुटलेला माणूस, अक्षरशः उड्या मारू लागले. "मला दिसला! चष्म्याचे पैसे वसूल!"

"दाजी, तुमचाही असाच होता ना?" बाईंनी विचारले.

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. दाजींचा चेहरा उतरला होता.

"हो," ते म्हणाले. "असाच."

घरी परतताना दाजी, ताई आणि मी असे तिघेच होतो. बसथांब्यापाशी दाजी एकाएकी म्हणाले, "असा नव्हता."

"कसा होता मग?" मी विचारले.

"मोठा. पोपटी. बाटलीच्या बुडाएवढा. आधी समुद्रावर दिसायचा, मग धक्क्यावर, मग गोदामाच्या भिंतीवर. जिकडे बघावं तिकडे."

मी रस्त्याकडे पाहू लागलो. मला उलगडा झाला होता. नारिंगी सूर्याकडे टक लावून पाहिले की तांबडा रंग टिपणारी डोळ्यांतली शक्ती थकते, आणि नजर हटवली की त्याच आकाराचा हिरवट डाग तरंगू लागतो. तो सूर्यात नसतो, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो.

"तू गप्प का, ते कळतंय मला," दाजी म्हणाले. "डागच होता ना? आणि आज सगळ्यांसमोर 'असाच' म्हणालो. जीभ कशी रेटली माझी?" मग बुडत्याने हात मारावा तसे ते ताईकडे वळले. "पण पहिल्या वेळी हिनेही पाहिला होता. काय गं?"

ताई पिशवीचे बंद उगाच सारखे करत राहिली.

"मला काही दिसलं नव्हतं."

"तू हो म्हणाली होतीस!"

"तुम्ही विचारलंत कुठे? 'आपण पाहिला' असं म्हणालात. नवं लग्न. म्हटलं, पाहिला असेल."

"नंतर तरी सांगायचंस!"

"कधी? गावभर सांगून झाल्यावर?"

पुढचा सारा रस्ता दाजी आमच्या मागे चार पावले राहून चालले.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात मंडळाची सभा होती. चिटणीसांनी दाजींच्या सत्काराचा घाट घातला होता. खुर्ची व्यासपीठावर, मधोमध. दाजी तीत बसलेच नाहीत.

"मी हिरवा किरण आयुष्यात एकदाच पाहिलाय," ते म्हणाले, "तो तुमच्याबरोबर, परवा. आधीचे सगळे माझ्या डोळ्यांतले डाग. परवा 'असाच' म्हणालो, तेही खोटं."

"पाहिलंत?" चिटणीस हसले. "एवढा मोठा माणूस, आणि विनय किती!"

टाळ्या पडल्या. माणसाला चारचौघांत शरमिंदे होण्याचीही मुभा हे मंडळ देत नाही!

"विनय नाही हो हा!" दाजींचा आवाज फाटला. "तुमच्या डोळ्यांत खोट आहे असं वाटायला लावलं मी तुम्हाला. आणि हिला न विचारता साक्षीला उभं केलं."

"दाजी, पुरे झाली चेष्टा," बँकेतले साहेब म्हणाले.

तेव्हा शेवटच्या रांगेतून ताई उठली. चारचौघांत बोलण्याची तिला सवय नाही. "चेष्टा नाही ही. मला तेव्हा काही दिसलं नव्हतं. यांना काय दिसलं ते यांनी सांगितलंय."

कोणीतरी फिस्कन हसले. साहेबांनी चष्मा काढला, त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा लावला. चिटणीस माझ्या कानाशी लागून म्हणाले, "तुम्ही तरी आवरायचंत ना! अंक छापून झालाय, त्यात यांची मुलाखत आहे." त्यांना पडली होती ती अंकाची.

दाजी व्यासपीठावरून उतरून मान खाली घालून मागे आले. त्यांचे कान लालबुंद झाले होते. ताईने शेजारच्या खुर्चीवरची पिशवी मांडीवर घेतली, तेव्हा ते बसले. पुढचे वक्ते ढगांच्या प्रकारांवर बोलू लागले.

बऱ्याच वेळाने दाजींनी अगदी हळू विचारले, "खरंच काहीच नव्हतं दिसलं?"

"वारा फार होता हो," ताई म्हणाली. "मी डोळे मिटून उभी होते."