शेजाऱ्यांचा सारस आणि माझा नाणेघाट

२००७च्या सुमारास कॅनडातल्या कोक्विटलाममध्ये आमच्या शेजारी चीनहून आलेले एक निवृत्त शिक्षक राहत होते. मी कामावर असताना ते आणि माझी बायको कुंपणापाशी बोलत. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे कुणालाच घाई नसायची. मी जेवताना कितीही बोललो तरी ती नुसतं ‘हं’ म्हणायची. त्यांच्या गोष्टी मात्र मला हातवारे करून सांगायची.

“यांगत्से नदीत एक बेट आहे म्हणे. तिथे एकाचा पाळलेला सारस मेला. त्यानं तो पुरला आणि कड्यावर त्याच्यासाठी लेख कोरला. पुढे कडाच नदीत कोसळला! मग थंडीत पाणी उतरलं की लोक त्या दगडाखाली उताणे पडून अक्षरांचे कागदावर ठसे घ्यायचे.”

“किती अक्षरं उरलीत?”

“त्यावर एकमत नाही.”

“मग गोष्ट खरी कशावरून?”

“अहो, पक्षी मेला हो त्याचा!”

तिचे डोळे भरले होते. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही गोष्टीवर ते भरले नव्हते. पंचाहत्तरीच्या माणसाचा हेवा वाटला हे लिहायला लाज वाटते, पण वाटला.

शनिवारी मी मुद्दाम नाणेघाटाचा विषय काढला. “जुन्नरजवळ घाटमाथ्यावर लेणं आहे. भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख, त्यात चक्क आकडे. कॉलेजात असताना चारदा गेलोय मी.”

“चारदा? आणि मला एकदाही सांगितलं नाहीत?”

“लेख वाचता येत नव्हता. सांगणार काय?”

“आकडे राहू द्या. बरोबर कोण होतं, घाबरलात का, ते सांगा.”

मग सांगितलं. कोकणातून चढताना धुक्यात वाट चुकली, बाजूच्या झुडपात काहीतरी खसफसलं, आम्ही तिघं पळत सुटलो. ती एकदाही ‘हं’ म्हणाली नाही.

सोमवारी लवकर घरी आलो, तर कुंपणापाशी माझीच गोष्ट चालली होती. तिच्या तोंडून त्या झुडपातून वाघ बाहेर पडला. वाघ नव्हताच, बहुधा गाय असावी. माझी गोष्ट, तीही त्यांनाच, आणि माझ्यापेक्षा झकास! दुरुस्ती करायला मी तरातरा पुढे गेलो.

आजोबांनी वळून अदबीनं विचारलं, “वाघ केवढा होता?”

ती माझ्याकडे बघत होती.

“सहा फूट,” मी म्हणालो. “शेपूट धरून नऊ.”