पडायची तालीम

कॅन्टीनमध्ये सासूबाईंना सगळे ‘सर्कस’ म्हणायचे. तळहातावर ट्रे, ट्रेवर कपबश्यांची चळत, आणि टेबलांच्या दाटीतून त्या अशा जायच्या की चहा बशीत उतरायचा नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक कप फुटला नव्हता. गल्ल्यावर बसणाऱ्या सुनेला त्याचं कौतुक होतं, आणि आता धास्तीही. गेल्या हिवाळ्यात त्या ओल्या फरशीवर घसरल्या तेव्हा कप वाचले. माकडहाड मात्र महिनाभर बसू देईना.

“पुन्हा पडलीस तर काम बंद,” मुलाने बजावलं.

“ठरवून कोण पडतं रे?” म्हणत सासूबाई समोरच्या व्यायामशाळेत ज्युडोच्या वर्गाला नाव घालून आल्या.

“काय सुधारायचंय बाई? तोल, चपळाई, पकड?” मास्तरांनी विचारलं.

“ते सगळं आहे माझ्याकडे. मला पडायला शिकवा.”

पडायचं म्हणजे हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि टेकता टेकता मोकळ्या हाताची जमिनीवर सणसणीत थाप. कॉलेजच्या मुली चटकन शिकल्या. सासूबाईंचं घोडं अडलं ते हातापाशी. ढकललं की उजवा हात वर, तळवा छताकडे.

“हातात काय धरलंय?” मास्तर ओरडायचे.

“काही नाही.”

“मग ते खाली टाका!”

वर्ग हसायचा, त्याही हसायच्या. आणि पुन्हा हात वर.

घरी टेबल सरकवून गादी अंथरली जायची. ढकलायचं काम सुनेचं.

“अगं, जोरात! मनात काही साठलं असेल तर आत्ताच काढून घे.”

सून हसून हसून खाली बसायची, मग उठून ढकलायची; सासूबाई पडायच्या, कंबर चोळत उठायच्या, परत उभ्या. शेवटी सुनेनेच त्यांच्या हातात ट्रे दिला, वर स्टीलचे पेले. “आई, आता सोडायचा.” कितीदा तरी तो सुटेचना. सुटला त्या दिवशी खालच्या बिऱ्हाडाने छताला काठी ठोकली.

मग एका दुपारी, ऐन गर्दीत, कुणीतरी पाणी सांडलेलं. सुनेने गल्ल्यावरून सासूबाईंचा पाय सरकताना पाहिला. हात वर गेला.

हात उघडला. कपबश्यांचा चुराडा, आणि त्या आवाजातही वेगळी ऐकू आलेली ती थाप. सून धावली तोवर सासूबाई उठून पदर झटकत होत्या. “झाडू आण गं. आणि चपला घातल्याशिवाय कुणी इकडे येऊ नका.”

जेवताना सून गप्पच राहणार होती. सासूबाईंनीच सांगून टाकलं. “आज पडले.”

मुलाचा घास हातातच राहिला. “कुठं लागलं?”

“कपांना.”

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. खरंच काही नाही.

“आई, तरी मी म्हणतो...”

“उद्या सकाळची पाळी आहे. जेवण झालं की टेबल सरकव. डावी बाजू अजून कच्ची आहे माझी.”

त्याने ताटातलं संपवलं. मग हात धुऊन आला आणि टेबलाची एक बाजू धरून बायकोला म्हणाला, “अगं, दुसरीकडून धर.”