पाटीखालचा तोल

बनुबाईंनी पेरूची पाटी पहिल्यांदा डोक्यावर घेतली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, राहात्याजवळच्या वस्तीवर नव्यानेच सून म्हणून आलेल्या. आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही बागेतून रस्त्यापर्यंत रोज एक पाटी त्याच आणतात. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात. गेल्या महिन्यात अंगणात पडल्या आणि केडगावच्या मुलाने, रंगनाथने, ठरवूनच टाकलं: तपासणीत तोल कच्चा निघाला, की आईने वस्ती सोडून त्याच्याकडे राहायला यायचं.

तपासणी माझ्याकडे होती. मी फिजिओथेरपिस्ट, स्वभावाने तिरसट. सूचना देताना कुणी मध्ये बोललं की माझं डोकं फिरतं, आणि बनुबाई प्रत्येक वाक्याला मध्ये बोलत होत्या.

एका पावलापुढे दुसरं पाऊल चिकटवून दहा सेकंद उभं राहायचं. तिसऱ्याच सेकंदाला त्या कलंडल्या; मी कमरेला धरलं म्हणून बरं. दुसऱ्यांदा चार सेकंद. रंगनाथने मान खाली घातली. मी पेन उचललं.

"थांब गं पोरी. डोक्यावर काईच न्हाई, मग तोल सांबाळू कशाचा?"

"तुमचा स्वतःचा, आजी."

"माजा? त्यो कवा सांबाळलाय मी!"

विकायला आणलेली पेरूची पाटी माझ्या दवाखान्याच्या दाराशी होती. त्यांनी पदराची चुंबळ केली, रंगनाथला पाटी डोक्यावर द्यायला लावली. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं. मी पुटपुटत त्यांच्या कमरेशी दोन्ही हात धरून उभी राहिले.

दहा सेकंद. वीस. तीस. एक पेरू हलला नाही. मग फरशीच्या रेघेवर पावलापुढे पाऊल ठेवत त्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या, आणि वर मला विचारलं, "लगीन झालं का तुजं?" बारा वर्षं तोल मोजतेय. तोल म्हणजे काय ते त्या दिवशी पाहिलं.

"अंगणात पडलात तेव्हा डोक्यावर काय होतं?"

"काय बी न्हाई. पेरू इकून मोकळीच आल्ते."

रंगनाथने पाटी उतरवली, तसा बनुबाईंनी माझा दंड घट्ट पकडला.

मी लिहिलं: अंगणात धरायला दांडा बसवा, रोज व्यायाम, पाटी चालू ठेवावी, पण हलकी. वस्ती सोडू नये.

रंगनाथने ते दोनदा वाचलं. "मॅडम," तो हळूच म्हणाला, "आमी तर आईला घरी काडी उचलू देनार न्हवतो."